न हटवलेला लेख
बऱ्हाणपूरच्या एका हिंदी दैनिकात ज्योत्स्ना महाजन दर बुधवारी मोबाइल आणि कॉम्प्युटरवर लिहायची. २०१० साली संपादकांनी ते सदर बंद केलं. इथे हे वाचतं कोण, असं त्यांचं म्हणणं. ज्योत्स्नाने वाद घातला नाही. गावातल्या शनवारा भागातल्या सायबर कॅफेत बसून तिने महिन्याभरात स्वतःची वेबसाइट उभी केली, तीही मराठीत. नवरा निरंजन शाळेत गणित शिकवायचा. संध्याकाळी तो तिचा मजकूर तपासायचा.

पहिल्या वर्षी वाचक इतके थोडे, की बरेचसे तिला नावानिशी ठाऊक होते. पण वस्तू स्वतः वापरल्याशिवाय तिच्यावर लिहायचं नाही, हा नेम तिने सोडला नाही. हळूहळू शाहपूर, रावेरकडचे लोक फोन घेण्याआधी तिला विचारू लागले.

२०२३मध्ये एका कंपनीने पानाच्या फोटोवरून केळीचा रोग सांगणारं अ‍ॅप आणलं. सगळीकडे कौतुक छापून आलं. ज्योत्स्ना ते घेऊन जवळच्या फोपनार गावी गेली. तिथल्या मालूबाई चाळीस वर्षं केळी लावत आलेल्या. दोघींनी साठ पानांचे फोटो काढले. करपा पडलेली बावीस पानं अ‍ॅपने निरोगी ठरवली.

मालूबाई म्हणाल्या, "माले बांधावरून दिसतं, ते ह्याले जवळून बी दिसत नाही. लिही तू हे."

शेतीतज्ज्ञाकडून पानं तपासून घेतल्यावर तिने लिहिलं. आठवड्यात कंपनीच्या वकिलाची नोटीस आली: लेख हटवा, माफी मागा. दोन जाहिरातदार सोडून गेले. निरंजनही धास्तावला. थोडे दिवस लेख काढून ठेव, मग बघू, असं त्याने सुचवलं.

"हा हटवला, तर आधीचे लेख तरी लोक खरे कशाला मानतील?" ज्योत्स्ना म्हणाली.

तिने साठही फोटो आणि अ‍ॅपची उत्तरं साइटवर टाकली, आणि शेतकऱ्यांना सांगितलं, तुम्हीही पडताळून पाहा. गावोगावहून पानांचे फोटो आले, चुका तशाच. दोन महिन्यांनी कंपनीने नोटीस मागे घेतली आणि अ‍ॅप दुरुस्तीसाठी थांबवलं. माफी मात्र कुणी मागितली नाही.

पुढच्या वर्षी त्याच कंपनीतून एका इंजिनिअरचा फोन आला. नवी आवृत्ती बाजारात आणण्याआधी तुम्ही तपासाल का, असं तो विचारत होता. निकाल काहीही आला तरी छापणार, या अटीवर ती तयार झाली. या वेळी अ‍ॅप खूपच सुधारलेलं निघालं. तेही तिने तितक्याच ठळक मथळ्याखाली लिहिलं.