अक्का जे बोललीच नाही

ओरछा गेटाजवळच्या मैदानात रोज सकाळी एक नाटक चालतं आणि मी त्याचा पहिल्या रांगेतला प्रेक्षक. माझी मोठी बहीण, आमची अक्का, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काठी घेऊन तिथे फेऱ्या मारायची. मी तिच्या सोबतीला, म्हणजे कठड्यावर बसून चहा प्यायला.

नाटकाचा नायक आमच्याच मराठी घरांपैकी एकातला, तिशीच्या आतबाहेरचा. झाशीत आमची घरं मोजकी, त्यामुळे कोण कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. मोबाइलवर तो फिटनेसचा गुरू आहे. मैदानावर मात्र तो आधी केस विंचरतो. मग त्याचा मित्र बाटलीतून त्याच्या कपाळावर आणि दंडांवर पाणी फवारतो. हा झाला घाम. मग तो एक जोर मारतो. मित्र मोबाइल घेऊन पलीकडे जातो, हा पुन्हा एक मारतो. समोरून, बाजूनं, जमिनीला टेकून, झाडावर चढून, असा तो एकच जोर सगळ्या दिशांनी टिपला जातो आणि संध्याकाळी लोकांना वाटतं, पठ्ठ्यानं शंभर मारले! शेवटी तो छाती फुगवून ओरडतो, "दर्द ही दवा है, दोस्तों!" आणि गाडीत एसी लावून बसतो. मी तर टाळ्यासुद्धा वाजवल्या आहेत. फुकटात एवढी करमणूक कोण देतं?

एके दिवशी तो अक्काच्या वाटेत आला आणि वाकून पाया पडला.

"मावशी, दोन शब्द मराठीत बोला ना माझ्याशी. घरात आता कोणी बोलतच नाही."

झालं! आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला लुटायचं असेल तर चाकू लागत नाही, एवढं एक वाक्य पुरतं. आमची मुलं मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. नातवंडं तर ऐकतही नाहीत. अक्काचे डोळे भरून आले. समोर मोबाइल धरलेला आहे याचं तिला भानच राहिलं नाही. ती म्हणाली, "बाळा, माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर चाल म्हणालेत म्हणून चालते. पण तू किती वाळलास रे! वेळेवर जेवत जा, वरणभात खात जा. आईला माझा निरोप सांग."

तो हसला, पुन्हा पाया पडला आणि गेला. अक्का दिवसभर खुशीत होती.

काही दिवसांनी शेजारीण आली, काखेत मोठा थोरला काळा डबा. "जिज्जी, जा पावडर दूध में घोरें कि पानी में?"

"कौन सी पावडर?"

"काय, तुमई ने तो कही वीडियो में! हमने तो बीपी की गोली बंद कर दई."

अक्कानं तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं. गल्लीत कुणाची मुलगी कुठल्या कॉलेजात जाईल, कुणी कुठल्या डॉक्टरकडे जावं, हे अजूनही तिला विचारून ठरतं. गल्ली तिला जिज्जी, म्हणजे ताई म्हणते, आणि जिज्जी बोलल्या म्हणजे विषय संपला. तिच्याकडे जमवलेलं असं जे काही आहे, ते एवढंच.

शेजारणीनं मोबाइल पुढे केला. पडद्यावर अक्का मराठीत वरणभात सांगत होती आणि खाली ठळक हिंदी अक्षरं पळत होती: 'मैं बिस्तर से उठ नहीं पाती थी. सब गोलियाँ छोड़ दीं. भैया की पावडर ने मुझे चला दिया.' ती 'आईला निरोप सांग' म्हणते तिथे लिहिलं होतं, 'लिंक नीचे है.'

माझं हसू त्या क्षणी संपलं. चोरानं घरात शिरून भांडी न्यावीत, समजू शकतो. यानं अक्काचं तोंड नेलं! तिच्याच आवाजाखाली स्वतःचा माल मांडला, आणि तोही एवढ्या बिनधास्तपणे, कारण या गावात मराठी कळणारी माणसं किती आणि त्यातली व्हिडिओ बघणारी किती, याचा हिशेब त्याला पक्का माहीत होता. आईच्या भाषेचा त्याला झालेला उपयोग तो हा.

दुसऱ्या दिवशी मैदानावर आम्ही दोघं त्याच्यासमोर उभे राहिलो. त्याच्या कपाळावर नुकताच घाम फवारून झाला होता.

"मावशी! तुम्ही तर स्टार झालात!"

"मी हे बोलले होते का रे?" अक्कानं विचारलं.

"भाव तोच आहे ना, मावशी. पब्लिकला समजावून लिहावं लागतं."

"समजावून?" मी ओरडलो. "ती म्हणाली तू वाळलास! यात पावडर कुठून आली? शेजारची बाई गोळ्या सोडून बसली आहे. आत्ताच्या आत्ता काढून टाक!"

"चिल, मामा. कंपनीचं आहे ते, असं काढता नाही येत."

"लाज नाही वाटत तुला?" अक्का म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "लोकांच्या जिवाशी खेळतोस?"

त्याच्या मित्राचा मोबाइल चालू होता, हे आमच्या लक्षातच आलं नाही. संध्याकाळी नवा व्हिडिओ आला: 'मावशी का प्यार भरा ग़ुस्सा.' अक्का कापत्या आवाजात लाज काढते आहे आणि खाली लिहिलंय, 'बेटा, इतने दिन क्यों नहीं बताया?' मी हात नाचवत बोंबलतो आहे आणि माझ्याखाली, 'मामा पूछ रहे हैं, मेरा डब्बा कब आएगा?' शेकडो लोकांनी हसून लाल बदाम पाठवले होते. मी हातातला मोबाइल भिंतीवर फेकणार होतो. माझाच होता म्हणून वाचला.

अक्कानं काठी घेतली. "चल."

"कुठे?"

"दारोदार. आता हिंदीत सांगते."

आमच्या गल्लीत प्रत्येक दाराला उंच पायऱ्या. डॉक्टरांनी चढायला सक्त मनाई केलेली. ती एकेक पायरी आधी काठीनं चाचपत चढली. "हमने ऐसा कुछ नहीं कहा. अपनी दवा मत छोड़िए." लोकांनी पाणी विचारलं, बसा म्हणाले, आणि दोघातिघांनी तर तिच्यासोबत फोटोही मागितला.

शेजारणीकडे ती शेवटी गेली, कारण तिथे बसून राहायचं होतं.

"पर जिज्जी, अब तो मामा भी पी रए," शेजारीण माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"मामा चाय के सिवा कुछ नहीं पीते," मी म्हणालो.

अक्का तिच्या खाटेवर बसली. "गोली लाओ. मेरे सामने खाओ." शेजारणीनं नाइलाजानं गोळी शोधली, गिळली, वर पाणी प्यायली आणि मग हळूच म्हणाली, "एक डिब्बा मोठ भी भेज दओ हतो. हमाई बैन को. बाने भी गोली छोड़ दई." मोठ म्हणजे झाशीपासून बसनं तास-दीड तासावरचं गाव.

"फोन लगाओ."

अक्का फोनवर नीट, सावकाश, वर्गात समजावत असल्यासारखी बोलली. पलीकडून मोठवाल्या बहिणीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिचा आवाज आम्हा तिघांनाही स्पष्ट ऐकू आला: "आप वीडियो वाली जिज्जी हैं, हम कैसे मान लें? फोन पे तो कोई भी कछू बोल दे. वीडियो तो हमने अपनी आँखन से देखो."

अक्कानं फोन परत दिला. सुजलेल्या गुडघ्यावर एक हात ठेवून दुसऱ्यानं काठी जवळ ओढली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं विचारलं, "मोठची पहिली बस किती वाजता असते रे?"