दोन मुली आणि एक रेडिओ किट

मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, पण नोकरी लागली ती सॉफ्टवेअरमध्ये. कॉलेज सुटल्यापासून सोल्डरिंग आयर्न हातात धरलं नव्हतं. तरी मे महिन्याच्या सुट्टीत मुली टीव्हीपुढून हलेनात, तेव्हा मी बुधवार पेठेत जाऊन मुलांनी घरी जोडायचं रेडिओचं किट आणलं.

"सोपं आहे ना हो?" मी दुकानदाराला विचारलं.

"मुलांना सोपंय," तो म्हणाला. "मोठ्यांचं सांगता येत नाही."

शनिवारी दुपारी सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिघी बसलो. थोरली दहा वर्षांची, धाकटी सात. थोरली सूचनांचा कागद मोठ्याने वाचायची आणि प्रत्येक वाक्यानंतर विचारायची, "म्हणजे काय?" धाकटीला रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्या आवडल्या. मी पुढचा भाग शोधेपर्यंत तिने त्यांची वरात काढली होती. कोण कुठला, ते पुन्हा पहिल्यापासून ओळखणं आलं. मग एक कपॅसिटर टेबलाखाली गेला. तो शोधायला तिघी वाकलो, तेवढ्यात तापलेलं आयर्न घरंगळलं आणि वर्तमानपत्रासकट टेबलक्लॉथला भोक पडलं. ते बुजवायचा विचार करतेय, तोच दिवे गेले.

"आता?" थोरलीने विचारलं.

"आता वाट बघायची."

"किती वेळ?"

"मला काय विचारतेस? मी वीज मंडळात आहे का?"

रविवारी संध्याकाळी एकदाचं सगळं जोडून झालं. सेल घातले, बटण फिरवलं. काहीच नाही. साधी खरखरसुद्धा नाही. मी सोल्डरिंगचा एकेक टाका भिंगातून तपासला, दोन पुन्हा दिले. तरी ढिम्म.

"आयता मिळतो की दुकानात," नवरा पेपराआडून म्हणाला.

"अहो, तुम्ही वाचा तुमचं."

तो राग निघाला धाकटीवर. "हजारदा सांगितलं, भागांना बोटं लावू नकोस म्हणून! खेळणं आहे का ते?" ती उठून गॅलरीत गेली आणि जेवायलाही दोन हाकांनंतर आली.

सोमवारी मी हिंजवडीहून कंपनीच्या बसने दीड तास घामाघूम होऊन घरी पोचले, तर ती माझं भिंग घेऊन रेडिओपाशी बसलेली. मी ओरडणारच होते.

"आई, या तारेला रंग दिलाय का?"

"ती तांब्याची आहे. तिचा रंगच तसा."

"पण काल तू कापलीस तिथे आत वेगळी दिसतेय. चकचकीत."

मी पर्स खांद्यावरून न काढताच खाली वाकले. रेडिओतल्या काळ्या दांड्याभोवती गुंडाळलेल्या त्या तारेवर वार्निश असतं. टोकं खरवडून ते काढल्याशिवाय वीज पुढे जातच नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षी हे घोकून घेतलेलं. आणि ती तार गुंडाळण्याचं काम मुलींना जमणार नाही म्हणून मी स्वतःकडे घेतलं होतं.

"चूक माझी होती," मी म्हटलं.

"मग मला ओरडलीस ते?"

"तेही चुकलं."

"बरं," ती म्हणाली आणि भिंग माझ्या हातात दिलं.

ब्लेडने टोकं खरवडली, पुन्हा टाके दिले. बटण फिरवताच खरखर आली आणि तिच्यातून एक गृहस्थ उसावरच्या किडीबद्दल सावकाश बोलू लागले. धाकटी इतक्या जोरात किंचाळली की खालच्या काकूंनी काय झालं म्हणून विचारलं. थोरली आतून पळत आली. तिने बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

"यावर एफएम नाही लागत?"

"नाही."

"मग काय उपयोग?"

तीन दिवस गेले होते, एक टेबलक्लॉथ आणि माझी बोटं भाजली होती. तेवढ्यात धाकटीने बटण पुन्हा त्या गृहस्थांवर आणलं आणि स्पीकरला कान लावला.

"गप्प बस ना ताई. किडीचं काय झालं ते ऐकू दे."