वीरगळापाशी मागं फिरलेली बस

आमचे सर दगड चाटून बघत. इतिहास-भूगोल दोन्ही त्यांच्याकडे. सहलीत जांभ्याचा तुकडा जिभेला लावून म्हणायचे, "ह्यो चिकटतो, काळा फत्तर चिकटत न्हाय. दगड खोटं बोलत न्हाय रं, माणूस बोलतो." आम्ही खासबागची पोरं खिदळत चाटायचो आणि दिवसभर माती थुंकत बसायचो.

संकेश्वरच्या वाटेवर एका गावाच्या वेशीत वीरगळ आहे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची शिळा. दरवर्षी सर तिथं रंगून सांगत, "ह्यो आपला मराठा गडी!" आमच्या सीमाभागातल्या मराठी घरांत या गोष्टीचं भारी कौतुक. आठवीच्या सहलीत आम्ही टाळ्या पिटल्या आणि कुणीतरी वर्गातल्या कावेरीला कोपरानं ढोसलं. तिच्या घरी कन्नड बोलत. "बघ, तुमचं हितं काय न्हाय." सगळे हसले, मीही. ती खाली मान घालून उभी राहिली. सरांनी ते ऐकलं.

बस सुटून साखर कारखान्याच्या फाट्यावर आली, तेव्हा सर उठून ड्रायव्हरला म्हणाले, "अण्णा, गाडी मागं घ्या."

शिळेपाशी आम्हाला पुन्हा उतरवलं. सरांचे कान लाल झाले होते. "ही खालची अक्षरं जुन्या कन्नडातली हाईत. मला लई वरसं ठाऊक हाय. तुमच्या आईबापांना गोड लागतं म्हणून खोटं सांगत आलो." मग सगळ्यांदेखत कावेरीला म्हणाले, "चुकलो, बाळ." ती रडू लागली. आम्ही आपापल्या चपलांकडे बघत राहिलो.

गावात बोभाटा झाला. कित्येक पालकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. सर मात्र पुढच्या प्रत्येक सहलीत आधी स्वतःचं खोटं सांगत, मग शिळेचं खरं. निवृत्तीच्या दिवशी मला म्हणाले, "पुढं सांगशील तवा माझं नाव घेऊन सांग. न्हायतर परत कोणतरी तसंच रेटंल."

सर गेले. आता शिक्षक म्हणून मुलांना तिथं मीच नेतो. अक्षरं दाखवतो आणि म्हणतो, "पूर्वी काही लोक चुकीचं सांगत." परवा एका मुलीनं विचारलं, "कोण लोक, सर?" मी म्हणालो, "चला, उशीर होतोय." एवढ्या सज्जन माणसाचं नाव खोट्याला कसं जोडू, अशी मी मनाची समजूत घालतो. खरं म्हणजे मला पालकांची भीती वाटते. सरांनी भर रस्त्यात बस मागं फिरवली, आणि माझ्याच्यानं एक नाव उच्चारवत नाही. याची फार लाज वाटते.

परशराम मुचंडीकर. आमचे सर.