रुक्मव्वाने सांगितलेलं

भुताखेतांच्या गोष्टी मी ऐकते, पण मानत नाही. रोज रक्ताच्या नळ्या हाताळणाऱ्या बाईला ते जमतही नाही... तरी हे लिहितेय.

डिचोलीत आमच्या लॅबमध्ये टीबीच्या पेशंटांची एक तपासणी चालू होती. उपाशीपोटी गोळी द्यायची, तीन तासांनी रक्त घ्यायचं, आणि शरीर ते औषध किती लवकर संपवतं ते बघायचं. काहींच्या अंगात ते फार वेळ राहतं, मग लिव्हरला त्रास होऊ शकतो.

त्या दिवशी आठला मारुती आला. बेळगावकडचा, जवळच्या सर्वण गावात एका बांधकामावर सेंट्रिंग करणारा. उपचार सुरू होऊन महिना झालेला. गोळी देऊन मी त्याला बाहेर बाकावर बसवलं. साडेनऊला बघितलं तर त्याला डुलकी लागलेली, आणि शेजारी हिरव्या इरकली लुगड्यातली एक बाई.

"तुम्ही कोण याच्या?"

"बहीण. रुक्मव्वा." मग हळूच म्हणाली, "बाई, आमच्या घरात ही गोळी अंगातनं लवकर जात न्हाई. मला बी सोसली न्हाई. त्याचं डोळं बघा."

मी त्याला उठवून खालची पापणी ओढली — पिवळसर झाक होती. मान वळवली तर शेजारी कुणी नाही. बाथरूमला गेली असेल, म्हटलं.

डॉक्टरांनी लगेच लिव्हरची तपासणी केली. रिपोर्ट वाईट होता. गोळ्या थांबवून त्याला ॲडमिट केलं. अकराला घेतलेल्या रक्तातही औषध खूप शिल्लक निघालं.

संध्याकाळी वॉर्डात मी विचारलं, "बहीण कुठे गेली तुझी? रुक्मव्वा?"

तो उशीवरून उठून बसला.

"अक्का जाऊन सा वर्सं झाली, बाई. ह्याच गोळ्या चालू होत्या, कावीळ झाली... तुमाला नाव कुणी सांगितलं?"

काउंटरवरच्या सुषमाला त्या बाईबद्दल विचारलं. "खंयची गे बायल? तो एकटोच बसलेलो." डॉक्टर म्हणतात, झोपेत बहिणीचं नाव पुटपुटला असेल, तू ऐकलं असशील. असेलही. पण डोळे बघायला मला कुणी सांगितलं?

लिव्हर सुधारल्यावर कमी डोसने औषधं पुन्हा सुरू झाली. मारुती पूर्ण बरा झाला. गावी जाण्याआधी भेटायला आला, तेव्हा एवढंच म्हणाला, "अक्का कशी दिसत हुती?"

"बरी होती. खंगलेली नव्हती," मी म्हटलं.

धीर द्यायला नव्हे, ती तशीच होती. ती मला दिसली कशी, ते मात्र आजही मला सांगता येत नाही.