शेवटचा रकाना

परवा दुपारी आमच्या नारपोलीच्या सायबर कॅफेत तपासणीला पोलीस साहेब आले होते. रजिस्टर भराभर चाळलं, ओळखपत्रांच्या झेरॉक्सची फाइल हातात तोलून पाहिली आणि म्हणाले, "इतकं नीट रजिस्टर अख्ख्या भिवंडीत कुणाचं नाही हो." चहा पिऊन गेले. एक ओळसुद्धा वाचली नाही त्यांनी.

तुम्ही सगळे इथे नेटवरच्या आपल्या कम्युनिटीवर नव्या कायद्यावरून भांडताय, सरकार आपले मेल वाचणार का, कुणी काय बघितलं ते शोधणार का. गेल्या महिन्यात मीही ठणकावून लिहिलं होतं की ज्याला लपवायचं काही नाही त्याने घाबरायचं कशाला. बऱ्याच जणांनी शाबासकी दिली होती. ते लिहिलेलं मी काढून टाकलंय.

झालं असं, की मध्यंतरी पोलिसांनी आम्हा कॅफेवाल्यांना बोलावून नियम सांगितले. केबिनचे पडदे काढा, पार्टिशन कमरेइतकी कापा. येणाऱ्याचं नाव, पत्ता, वेळ, ओळखपत्र, आणि शेवटच्या रकान्यात तो कशासाठी आला ते लिहा.

बाकीचे मान डोलावून घरी गेले. मी शहाणा! दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावला, मोठं रजिस्टर आणलं, पट्टीने रकाने आखले. माझं अक्षर शाळेपासून चांगलं आहे आणि त्याची मला घमेंडही आहे.

गिऱ्हाईकं आपापली ओळ भरायची. शेवटच्या रकान्यात सगळ्यांचं एकच, "मेल". रिझल्ट बघायला आलेल्याचं मेल, गाणी उतरवायला आलेल्याचं मेल, भलतंसलतं बघणाऱ्याचंही मेल...

एक दिवस वंदनाकाकू आल्या. नाव बदललंय, गावही सांगत नाही, निदान एवढं तरी आता शिकलोय. खाडीकडच्या एका गावातल्या आगरी बाई, आपल्या लोकांनी बघू नये म्हणून रिक्षा बदलून माझ्याकडे आल्या होत्या.

त्यांच्या मुलीच्या मानेला गाठ आली होती. डॉक्टरांनी टीबी सांगितला, म्हणाले गोळ्या पूर्ण घेतल्या की बरी होईल. पण पोरीचा साखरपुडा झालेला, आणि काकूंनी घरात नवऱ्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मना हलू वाचून दाव रं बाला," म्हणाल्या. मी नेटवर शोधून, स्क्रीनवरचं इंग्रजी वाचून मराठीत सांगत गेलो... गाठीचा टीबी सहसा दुसऱ्याला लागत नाही, औषध सोडलं नाही तर बरा होतो, पुढे मुलंबाळंही होतात. काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि मग हसल्या.

आता माझा मूर्खपणा. वयस्कर बाया आल्या की त्यांची ओळ मीच भरतो. काकूंनी रेशनकार्डाची झेरॉक्स पुढे केली, "तूच लिव रं." मी "मेल" लिहू शकलो असतो. पण सरकारी काम, खोटं कसं लिहायचं... म्हणून मी ठळक, सुरेख अक्षरात लिहिलं, "मुलीच्या गाठीच्या टीबीची माहिती." काकूंनी न वाचता सही केली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यामुलाचा मामा आला. इथेच नारपोलीत लूमवर सुपरवायझर आहे, शिफ्ट सुटली की अधूनमधून येतो. रजिस्टर काउंटरवर उघडंच असतं आणि आपली ओळ भरायची तर वरच्या ओळी दिसणारच. त्याला त्या दिवशी ओळ भरायला जरा जास्तच वेळ लागला, एवढं मला आठवतं. नाती मला नंतर कळली.

आठवडाभरात लग्न मोडलं.

मी माफी मागायला काकूंच्या घरी गेलो. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "तुजी चूक न्हाय रं. सरकारनं सांगलं, तू लिवलं." मुलगी आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही.

निघताना काकू दारापर्यंत आल्या आणि हळूच बोलल्या, "पोर आता गोल्या घ्याला जात न्हाय. सांगतं, तिथं पन नाव लिवतान."

सरकारी दवाखान्यात टीबीच्या गोळ्या सिस्टरसमोर बसून घ्याव्या लागतात, प्रत्येक वेळी कार्डावर नोंद होते. पोर अगदी नेमाने जायची. आता तीन आठवडे झाले, गेलेली नाही.

काल मी स्वतःच दवाखान्यात गेलो, म्हटलं गोळ्या तरी मागून बघू. सिस्टर चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पेशंटला आणा, आणि तोवर तिचं नाव, पत्ता आणि तुमचं नातं इथे लिहा, आमचं माणूस घरी पाठवते." वही माझ्याकडे सरकवली.

मी पेनचं टोपण काढलं. शेजारच्या बाकावरच्या दोघांनी सहज मान वळवून वहीकडे बघितलं... कोण कुठले, मला माहीत नाही. मला नाव लिहिता आलं नाही. टोपण लावलं आणि घरी आलो.

सरकार वाचेल, सरकार वाचेल म्हणून आपण घाबरतो. सरकारला वाचायला वेळ नाही. ते आपल्याकडून फक्त लिहून घेतं, आणि वाचतात ते शेजारपाजारचे, सोयरेधायरे.

पोरीची गाठ पुन्हा वाढायला लागलीय. तिला दवाखान्यापर्यंत कसं न्यायचं, कुणाला सुचत असेल तर सांगा... मला काही सुचत नाही.