हाफिजजींचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर शिकवणाऱ्याच्या पदरात किस्से न मागता पडतात. माझे सगळ्यात लाडके किस्से देवळीच्या एका मदरशातले, दोन हजार सालानंतरचे. तिथल्या उस्तादांना शिकवायला मी रोज दुपारी जायचो. कमिटीनं ठरवलं होतं, ज्याला कॉम्प्युटर येईल त्यालाच पुढच्या साली वर्ग! साठीतले हाफिजजी, म्हणजे अख्खं कुराण तोंडपाठ असलेले आमचे उस्ताद, ते ऐकून त्या दिवशी जेवलेच नाहीत. लहान पोरांच्या वर्गात त्यांचा जीव होता.

*

पहिल्याच दिवशी हाफिजजींनी खुर्ची सारली, खाली मांडी घातली आणि कीबोर्ड पोरांच्या बुटक्या डेस्कवर घेतला.

"सर, खुर्चीवर बसून इल्म डोक्यात चढत नाई!"

मग मीही खाली बसलो. महिनाभर माझे गुडघे बोलत होते.

*

सराव झाला की फाईल डिलीट करायची, असं मी सांगितलं. कोणी हात लावेना!

"पहिल्या ओळीत बिस्मिल्लाह हाय, सर. कचऱ्याच्या डब्यात कसं टाकू?"

स्क्रीनवर खरंच कचऱ्याचा डबा होता. अल्लाचं नाव असलेली जुनी पानं ही मंडळी अदबीनं नदीत सोडत. मी चेष्टेनं म्हटलं, "मग कॉम्प्युटर नेता का नदीवर?"

हाफिजजी गंभीरपणे म्हणाले, "खराब झाला का मंग नेऊ!"

*

उर्दूचं सॉफ्टवेअर टाकलं आणि अक्षरं उजवीकडून डावीकडे धावू लागली. हाफिजजी खुलले.

"आता सुधरलं मशीन! इतके दिवस उलटं चालून राह्यलं होतं!"

*

माऊस मात्र त्यांना वश होईना. बाण भलतीकडेच पळायचा. शेवटी त्यांनी कुराण पाठ करायची आपली जुनी पद्धत काढली. मी सांगेन ती पायरी झुलत झुलत, मोठ्यानं पाठ करायची, अगदी पोरांसमोर वर्गातसुद्धा! बाकीचे उस्ताद हसायचे. मला वाईट वाटायचं.

*

परीक्षेला कमिटीचे अध्यक्ष आले, हिंगणघाटचे कापसाचे व्यापारी. हाफिजजींचा नंबर लागला आणि लाईट गेली. लोडशेडिंग!

"तोंडी सांगा, हाफिजजी," अध्यक्ष म्हणाले. "प्रश्नपत्रिका कशी छापसान?"

हाफिजजींनी डोळे मिटले आणि झुलायला लागले. "स्टार्ट... प्रोग्राम... फाईल... ओपन..." आणि अडकले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. नमाजात हाफिज अडखळला तर मागचा माणूस पुढचा शब्द सांगतो, पण इथं अध्यक्ष माझ्याकडेच बघत होते.

तेवढ्यात भिंतीपलीकडून त्यांचा अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "फाईल! प्रिंट! ओके!"

अध्यक्षांनी भुवया चढवल्या. "परीक्षा तुमची हाय का पोरायची?"

हाफिजजींनी डोळे उघडले.

"सेठजी, लाईट जात राह्यते. म्हणून पोरायच्या डोक्यात सेव्ह करून ठेवलं."