जोनालिनचे अकरा सेकंद

फेलिसिदाद गालोन हे नाव तिच्या निवृत्तीच्या मानपत्रावर आहे. बाकी सगळ्या बेटाला ती नांग फेली, म्हणजे फेलीताई. सव्वीस वर्षं तिने नगरपालिकेच्या कार्यालयात भांडलेली जोडपी समोर बसवली, त्यांचं ऐकून घेतलं आणि ऐकलेलं छापील फॉर्मवर उतरवलं. मोडता संसार सावरणं हे देवाचं काम आहे अशी तिची श्रद्धा होती, अजूनही आहे. पण निवृत्तीनंतर तिचा जीव खाल्ला तो त्या फॉर्ममधल्या एका रकान्याने.

'परत नांदायला जा असे कोणी सांगितले?' असा तो रकाना. आता आमच्याकडे कुणाला दाखवायचं तर बोट करत नाहीत, ते उर्मट दिसतं. ओठांचा चंबू करून त्या दिशेला जरासा पुढे काढायचा, तान्ह्या पोरालाही कळतं. बाया तेच करत. खिडकीतून रस्त्यापलीकडची निळ्या छपराची कॅप्टनची कचेरी दिसे, ओठ तिकडे जात. कॅप्टन म्हणजे आमचा सरपंच. नवऱ्याने मारहाण केली असेल तिथे कॅप्टनने तडजोड घडवू नये असा कायदा आहे, पण तो घडवतो. आणि नांग फेली रकान्यात लिही, 'उत्तर दिले नाही.' वरिष्ठ म्हणत, शब्द बाहेर पडला तरच ते उत्तर. ओठ काय कागदावर लिहिणार?

हे पाप तिने कबुलीच्या वेळी फादरना सांगितलं. फादरनी दहा वेळा 'नमो मरिया' म्हणायला सांगितलं. तिने वीस वेळा म्हटलं आणि पुढच्याच आठवड्यात शहरात जाऊन एक जुना कॅमेरा घेऊन आली.

"लोक म्हातारपणी कोंबड्या पाळतात," तिचा नवरा तोनियो म्हणाला. जन्मभर होडी चालवलेला माणूस.

"कोंबड्या तू पाळ. आधी हा माईक धर."

माईक झाडूच्या दांडक्याला बांधलेला होता. पहिली फिल्म बाळंतिणीच्या आहारावर होती आणि तिच्यात तोनियोची ढास पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू येते. दवाखान्यातल्या बाया पोट धरधरून हसल्या, पण जागची एक उठली नाही. मग दातांवर एक झाली, एक आई परदेशी कामाला गेलेल्या मुलांवर. ती पाहून कार्यालयानेच तिला बोलावलं. आमच्याकडे लग्नाचा परवाना हवा तर जोडप्याला अर्धा दिवस वर्गात बसावं लागतं. त्या वर्गासाठी 'घरातली भांडणं कशी मिटवावीत' अशी वीस मिनिटांची फिल्म त्यांना हवी होती.

नांग फेली गेली ती थेट सुकी मासळी विकणाऱ्या जोनालिनकडे. जोनालिन नवऱ्याला सोडून आई आणि भावांबरोबर राहत होती.

"नऊ वर्षांपूर्वी मी तुमच्यासमोर बसले होते, नांग," वाळत घातलेली मासळी उलटवत जोनालिन म्हणाली. "तुम्ही लिहिलंत, उत्तर दिलं नाही. उलटा कागद मला वाचता येतो."

"लिहिलं होतं."

"या वेळी खोडलंत तर परत माझ्या दारात यायचं नाही."

"नाही खोडणार," नांग फेली म्हणाली, आणि गळ्यातल्या क्रुसाला हात लावला.

कॅमेरा सुरू झाला. पहिल्यांदा मारलं तेव्हा कुणाकडे गेलीस, असं तिने विचारलं. दारातूनही ते निळं छप्पर दिसत होतंच. जोनालिनने ओठ तिकडे काढले. दुसऱ्यांदा? तिकडेच. तिसऱ्यांदा? या वेळी ओठ तसेच राहिले, डोळे भरून आले, आणि ती काही बोलली नाही. अकरा सेकंद.

फिल्म आधी कार्यालयाच्या सभागृहात दाखवली. समाजकल्याणच्या मॅडम टिपण घ्यायला बसल्या होत्या. कॅप्टन युसेबियो हाबान्या पुढच्या खुर्चीत, अर्ध्या गावाच्या लग्नात धर्मपिता म्हणून उभा राहिलेला माणूस. तोनियो आणि जोनालिन मागच्या बाकावर.

"चांगली झाली आहे," कॅप्टन म्हणाला. "तेवढं माझ्या बदनामीचं काढून टाक, नांग फेली."

"कुठलं वाक्य, कॅप्टन?"

"तुला माहीत आहे."

"मला नाही माहीत. तिने तुमचं नाव घेतलेलं नाही. मॅडम, तुम्ही ऐकलं?"

मॅडमनी वही चाळली. "नाव नाही आलं."

"अगं, मधे ती गप्प बसते ते."

"गप्प बसण्यात कसली बदनामी? तुमच्या सभांमध्ये गप्प बसणाऱ्या बायका तर तुम्हाला फार आवडतात."

मागे तोनियो खोकला. ही ढास नव्हती.

"ओठ काढते ती," कॅप्टन म्हणाला.

"कुणाकडे?"

"कुणाकडे काय विचारतेस? माझ्या कचेरीकडे. शेंबड्या पोराला कळेल."

"मग ते उत्तर झालं," नांग फेली म्हणाली. "सव्वीस वर्षं मला शिकवलं की ते उत्तर नव्हे. मॅडम, कॅप्टन काय म्हणाले ते लिहून घ्या."

मॅडमचं पेन हवेत थांबलं. कॅप्टन खुर्चीतून उठला, पण आवाज एकदम मऊ केला. "त्या पोरीचा तरी विचार कर. उद्या तिचा नवरा दारू पिऊन तिच्या दारात आला तर? लग्नात मी धर्मपिता होतो, मला काळजी वाटते."

हे मात्र नांग फेलीला लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. ती मागे वळली. "जोनालिन, तू म्हणशील तर आत्ता पुसते. मला वाईट वाटणार नाही."

जोनालिन उभी राहिली. "निनोंग," धर्मपित्याला म्हणतात तसं ती म्हणाली, "तीनदा तुम्ही त्याचा हात माझ्या हातात दिलात. तीनदा समेट झाला म्हणून सोडा पाजलात, पाव खायला घातलात. तिसऱ्यांदा मला तो पाव चावता येत नव्हता. नांग, राहू दे ते."

मॅडमनी शेवटी ठरवलं की समिती बसेपर्यंत फिल्म थांबवावी. आमच्या समित्या बसल्या की उठत नाहीत. नांग फेलीने सामान आवरलं. "परवाना तुमचा, वर्ग तुमचा. माझ्या घराला मात्र कुणाचा शिक्का लागत नाही," एवढं बोलून ती निघाली. दुसऱ्या दिवशी ती जोनालिनबरोबर पोलीस ठाण्यात बायकांसाठी ठेवलेल्या टेबलापाशी गेली आणि तिच्या नवऱ्याविरुद्ध तक्रार नोंदवूनच दोघी बाहेर पडल्या.

शनिवारी दुपारी लग्नाचा वर्ग सुटला तेव्हा नांग फेली कार्यालयाच्या फाटकाशी उभी होती. "घरी नारळाच्या दुधातला भात शिजवलाय. खाऊन जा, आणि वीस मिनिटं बसा." नऊ जोडपी आली. तोनियोने खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. टीव्ही तिने येशूबाळाच्या मूर्तीखालीच ठेवला होता. त्याच्यासमोर दाखवता येणार नाही असं त्या फिल्ममध्ये काहीच नव्हतं.

जोनालिन पडद्यावर गप्प झाली. सहाव्या-सातव्या सेकंदाला एक उंच मुलगा, कॅप्टनचा लांबचा भाचा, उठला आणि दारात जाऊन उभा राहिला. "चल गं," तो आपल्या होणाऱ्या बायकोला म्हणाला. "असलं काही बघायला आलो नाही आपण."

मुलीने ताटली मांडीवर नीट धरली. "तू हो पुढे," ती म्हणाली. "मी पूर्ण बघून येते."